दुचाकी विम्याचा दर आणि गोंदिया जिल्ह्यातील दुचाकीस्वार : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३९ ते २०२२)

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही दुचाकीच्या शोरूममध्ये अथवा विमा प्रतिनिधीच्या टेबलासमोर दोन शब्द हमखास कानी पडतात, 'फुल' आणि 'थर्ड पार्टी'. नवी गाडी घेताना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या आग्रहामुळे 'फुल' विमा काढला जातो. कर्ज फिटले, गाडी जुनी झाली, की गाडीमालक 'थर्ड पार्टी'वर येतो. पोलिसांनी अडविल्यास दाखविण्यापुरता कागद जवळ असावा, एवढाच त्यामागील हेतू असतो. 'स्वस्तातला विमा कोणता?' या प्रश्नाचे जिल्ह्यात सर्वत्र मिळणारे उत्तरही हेच आहे. या उत्तराने नेमके काय वाचते आणि काय गमावले जाते, हे समजून घ्यावयाचे तर विम्याचा दर कोणी, केव्हा व कशासाठी ठरविला, याच्या इतिहासाकडे वळावे लागते. प्रस्तुत शोधनिबंधात तो प्रयत्न केला आहे. कायदे, दरपत्रके व सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ही त्याची मुख्य साधने असून जिल्ह्यातील व्यवहाराविषयीची विधाने लेखकाच्या निरीक्षणावर आधारित आहेत.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांचा हा धानपट्टा एका बाजूस मध्य प्रदेशातील बालाघाटला, तर दुसऱ्या बाजूस छत्तीसगडला लागून आहे. सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगावच्या आतील गावांतून तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर पोहोचावयाचे असल्यास स्वतःच्या दुचाकीवाचून सोय नाही. त्यामुळे येथे दुचाकी ही चैनीची वस्तू नसून शेती, शाळा, दवाखाना आणि बाजार यांना जोडणारे साधन आहे. एम.एच.-३५ हा क्रमांक मिरविणाऱ्या गाड्यांत शंभर ते सव्वाशे घनसेंटीमीटर इंजिनाच्या मोटारसायकली अधिक दिसतात, त्याचे कारणही हेच होय.

सक्तीच्या विम्याचा उगम

भारतात मोटारींसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी, परवाना व वेग यांचा विचार होता, परंतु गाडीखाली सापडलेल्या माणसाला भरपाई कोठून मिळणार, हा प्रश्न त्याने हाती घेतला नव्हता. जखमी व्यक्तीस दिवाणी दावा लावता येई, मात्र हुकूमनामा मिळूनही गाडीमालकाजवळ काही नसेल तर तो कागदावरच राही. इंग्लंडमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. त्यानंतर भारतातही १९३६-३७ मध्ये मोटार वाहन विमा समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण समाविष्ट झाले. उर्वरित कायदा १ जुलै १९३९ पासून अमलात आला, परंतु हे प्रकरण प्रत्यक्षात लागू होण्यास १ जुलै १९४६ ही तारीख उजाडावी लागली. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९३९ च्या कायद्याला गाडीची काळजी नव्हती आणि गाडी चालविणाऱ्याचीही नव्हती. रस्त्याने चालणाऱ्या, बैलगाडी हाकणाऱ्या, सायकलवरून जाणाऱ्या अशा तिऱ्हाईत माणसाची ती काळजी होती. 'थर्ड पार्टी' या शब्दातील तिसरा तो हाच. पहिला विमेदार, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा ज्याला धडक बसली तो. भाड्याने नेलेल्या प्रवाशांचा विचार कायद्याने स्वतंत्रपणे केला. खासगी गाडीवर विनामोबदला बसलेला माणूस मात्र सक्तीच्या कक्षेबाहेर राहिला. हे वगळणे त्या काळी कदाचित किरकोळ वाटले असावे. त्याचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि भरपाईचा दावा सामान्य दिवाणी न्यायालयाच्या संथ वाटेवरून बाजूला काढला. १९८२ मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे तत्त्व आले. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने हीच चौकट कलम १४६ व १४७ द्वारे पुढे चालविली.

एकच दर, एकच भाव

'स्वस्त विमा शोधणे' ही कल्पनाच तशी अलीकडची आहे. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीला वैधानिक स्थान मिळाले आणि मोटार विम्याचे दर या समितीच्या दरपत्रकाने बांधले गेले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. १०७ विमा संस्थांचे एकत्रीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या उरल्या. दर चौघींचाही एकच. अशा स्थितीत ग्राहकाने चार ठिकाणी चौकशी करण्यात अर्थ नव्हता. फरक पडे तो कार्यालय किती दूर आहे आणि प्रतिनिधी ओळखीचा आहे की नाही, एवढ्याचाच.

याच कालखंडात दुचाकी ग्रामीण भागात पोहोचली. एस्कॉर्ट्सची राजदूत, कायनेटिकची लुना, बजाजच्या स्कूटर आणि १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सी.डी. १०० ही त्या प्रवासातील ठळक नावे. ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलताना लुनाची किंमत त्यांना आजही आठवते, विम्याचा हप्ता मात्र कोणालाच आठवत नाही. यावरून त्या खर्चाकडे किती लक्ष दिले जाई, याची कल्पना यावी.

१ जुलै २००२ पासून लागू झालेले भारतीय मोटार दरपत्रक हे या पर्वातील शेवटचे मोठे दरपत्रक होय. दर कशावर अवलंबून असतो, हे समजण्यासाठी आजही त्याच्याइतका स्पष्ट दस्तऐवज नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओन डॅमेज'चा दर त्याने तीन गोष्टींवर बसविला : इंजिनाची घनक्षमता, गाडीचे वय आणि नोंदणीचे ठिकाण. ठिकाणासाठी देशाचे दोन विभाग केले. अहमदाबाद, बेंगळूरु, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही आठ शहरे 'अ' विभागात आणि उर्वरित सारा भारत 'ब' विभागात. म्हणजे नागपूरची गर्दी आणि देवरीचा जंगलरस्ता दरपत्रकाच्या लेखी एकच ठरले. पाच वर्षांपर्यंतच्या व १५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकीस 'अ' विभागात गाडीच्या मूल्याच्या १.७०८ टक्के, तर 'ब' विभागात १.६७६ टक्के दर होता. ४०,००० रुपये मूल्याच्या मोटारसायकलीवर हा फरक १२ रुपये ८० पैसे भरतो. मुंबईकराच्या तुलनेत गोंदियाच्या माणसाला मिळालेली सवलत एवढीच. मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सभासदाला ५ टक्के सूट होती, परंतु दुचाकीसाठी तिची कमाल मर्यादा ५० रुपये. त्या ५० रुपयांसाठी आमगाव वा तिरोड्याचा शेतकरी महानगरातील असोसिएशनचे सभासदत्व घेईल, अशी अपेक्षा दरपत्रक तयार करणाऱ्यांनीही केली नसावी.

२००७ नंतरची मोकळीक

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. विमा विनियामक आणि विकास प्राधिकरणाच्या स्थापनेनंतर बाजारात आलेल्या खासगी कंपन्या व चार सरकारी कंपन्या यांच्यात किमतीची स्पर्धा सुरू झाली ती येथपासून. त्रयस्थ जोखमीचा दर मात्र खुला झाला नाही. तो आरंभी प्राधिकरणाने ठरविला आणि २०२२ चे दर केंद्र सरकारने प्राधिकरणाशी विचारविनिमय करून अधिसूचित केले. याचा अर्थ असा की, एकाच घनक्षमतेच्या गाडीचा केवळ 'थर्ड पार्टी' विमा कोणत्याही कंपनीकडे घ्या, मूळ हप्ता तोच राहतो. घासाघीस करण्यास जागा आहे ती फक्त ओन डॅमेजच्या भागात.

या भागात हप्ता कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाडीचे घोषित मूल्य कमी लिहिणे. व्यवहारात यालाच आय.डी.व्ही. म्हणतात. गाडी चोरीस गेल्यास वा पूर्ण निकामी झाल्यास कंपनी देणार ती रक्कम याच आकड्यावर ठरते. २००२ च्या दरपत्रकाने त्यासाठी घसाऱ्याची कोष्टके घालून दिली. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, असे करीत चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के. त्यापुढील मूल्य विमेदार व कंपनी यांच्या सहमतीने. आता ८०,००० रुपयांची गाडी पाचव्या वर्षात आहे असे समजू. कोष्टकाप्रमाणे तिचे मूल्य ४०,००० रुपये येते. प्रतिनिधीने 'हप्ता कमी करून देतो' म्हणून ते ३२,००० लिहिले, तर जुन्या १.६७६ टक्के दराने १३४ रुपये वाचतात. चार वर्षांचा ४५ टक्के नो क्लेम बोनस वजा जाता प्रत्यक्ष बचत सुमारे ७४ रुपये. सध्याच्या स्पर्धेतील सवलती धरल्यास ती आणखी खाली येते. गाडी चोरीस गेली तर मात्र ८,००० रुपये कमी मिळतात. हे गणित ग्राहकासमोर मांडले जाताना लेखकाने अद्याप पाहिलेले नाही.

दुसरा घटक नो क्लेम बोनसचा. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि अखेरीस ५० टक्के अशी सूट ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे जुनी गाडी विकून नवी घेतल्यास ती नव्या गाडीकडे नेता येते. ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले, तर ती संपूर्ण जाते. प्रस्तुत लेखकाने परीक्षा, प्रवेश व उत्तरपत्रिका तपासणीच्या गडबडीत जूनमध्ये संपलेली पॉलिसी ऑक्टोबरमध्ये नूतनीकृत केली आणि ४५ टक्के सूट एका फटक्यात गमावली. इतिहास शिकविणाऱ्याने तारखा विसराव्यात, यावर सहकाऱ्यांनी बरेच दिवस विनोद केले.

परंतु हा केवळ विसराळूपणाचा प्रश्न नाही. या जिल्ह्यात दसरा-दिवाळीस गाडी घेण्याची रीत आहे. साहजिकच पॉलिसीचे नूतनीकरणही दरवर्षी त्याच सुमारास येते. तेव्हा धान एक तर बांधीत उभे असते, नाही तर नुकतेच खळ्यावर आलेले असते. खरेदी केंद्रावर धान देऊन चुकारे हाती पडेपर्यंत आणखी काळ जातो. नव्वद दिवसांची मुदत ठरविणाऱ्याने धानाचे वेळापत्रक पाहिलेले नव्हते, एवढे निश्चित म्हणता येईल.

त्रयस्थ जोखमीचा हप्ता का वाढतो?

ओन डॅमेजचा दावा गाडीच्या किमतीपलीकडे जात नाही. त्रयस्थ व्यक्तीच्या मृत्यूच्या वा इजेच्या दाव्यास मात्र अशी कमाल मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांत भरपाई मोजण्याची पद्धत निश्चित केली. उदाहरणादाखल, राइस मिलमध्ये महिना ९,००० रुपये कमावणारा तीस वर्षांचा विवाहित मजूर दुचाकीच्या धडकेने मृत्यू पावला आणि त्याच्यावर पत्नी व दोन मुले अवलंबून आहेत असे मानू. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविल्यास उत्पन्न १२,६०० होते. स्वतःवरील खर्चाचा एक तृतीयांश वगळता ८,४०० उरतात. वर्षाचे १,००,८०० रुपये, त्यास वयानुसार १७ ने गुणले की १७,१३,६०० रुपये. २०१७ च्या निवाड्यातील ७०,००० रुपयांच्या ठरावीक रकमा मिळवून ही भरपाई १७,८३,६०० रुपयांवर जाते. पॉलिसी असेल तर हे कंपनी देते. नसेल तर गाडीमालकाने द्यावयाचे. गाडी चालविणाऱ्याकडे परवाना नसल्यास काय, याचे उत्तर स्वरण सिंग खटल्याने (२००४) दिले आहे. मालकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणे अट मोडली असल्यास कंपनीला आधी पीडिताला रक्कम देण्यास व मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगता येते. अकरावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी हा निवाडा विशेषत्वाने ध्यानात घ्यावा.

२०११ पासून त्रयस्थ हप्त्याचा दरवर्षी फेरविचार होऊ लागला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ घनसेंटीमीटरपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० पर्यंत ७१४, १५० ते ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये असे टप्पे होते. २०१९-२० च्या दरांशी तुलना केल्यास एक लक्षणीय बाब आढळते. शेतकऱ्याच्या नेहमीच्या गाडीचा, म्हणजे ७५ ते १५० च्या गटाचा हप्ता ७५२ वरून ७१४ वर उतरला, तर १५० ते ३५० च्या गटाचा १,१९३ वरून १,३६६ वर गेला. तेव्हा गाडी निवडतानाच इंजिनाच्या आकाराने त्रयस्थ हप्ता ठरून जातो. नंतर प्रतिनिधीशी कितीही वाद घातला तरी तो बदलत नाही.

विमा संपल्यावर गाड्या तशाच रस्त्यावर फिरतात, ही देशभराची अडचण आहे. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या गेल्या दशकाअखेरच्या आकडेवारीत निम्म्याहून अधिक वाहने विनाविमा आढळली आणि त्यात दुचाकींचा वाटा मोठा होता. याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८ मधील आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणे बंधनकारक झाले. २०२२ च्या दराने ७५ ते १५० च्या गटास त्यासाठी ३,८५१ रुपये अधिक कर द्यावे लागत. पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र त्या आदेशाने पुढे ढकलला एवढेच.

मागे बसलेली व्यक्ती

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या वगळण्याकडे येऊ. युनायटेड इंडिया विरुद्ध टिळक सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले की, केवळ कायद्याने सक्तीच्या पॉलिसीत दुचाकीवर मागे विनामोबदला बसलेल्या व्यक्तीची जोखीम अंतर्भूत होत नाही. १९३९ मध्ये आखलेली रेषा सदुसष्ट वर्षांनंतरही जागेवर होती. दुसरीकडे, सर्वसमावेशक म्हणजे 'पॅकेज' पॉलिसीत मागे बसलेली व्यक्ती संरक्षित असल्याचे प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने कंपन्यांना कळविले. स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकासाठी वैयक्तिक अपघात विम्याची वेगळी तरतूद आहे. त्याची रक्कम दुचाकीसाठी १ लाख रुपये होती, ती २०१८ मध्ये १५ लाख करण्यात आली. तो विमा मालकापुरताच असतो.

'फुल' आणि 'थर्ड' यांतील फरक गाडीवरील ओरखड्यांचा आहे, असा जिल्ह्यातील सार्वत्रिक समज आहे. जुन्या गाडीवर कशाला खर्च करावयाचा, या युक्तिवादाचा आधारही तोच. वस्तुतः 'फुल' सोडताना मागच्या सीटवर बसणाऱ्या पत्नीचे, आईचे, शाळेत जाणाऱ्या मुलीचे संरक्षण सोडले जाते. स्वतःची गाडी घसरून मागे बसलेली व्यक्ती दगावली आणि दुसरे कोणतेही वाहन त्यात गुंतलेले नसले, तर केवळ 'थर्ड पार्टी' पॉलिसीवर तिच्या वारसांना कंपनीकडून भरपाई मागण्यास आधार उरत नाही. जुन्या शंभर घनसेंटीमीटर गाडीचे मूल्य २०,००० रुपये धरले, तर दहा वर्षांवरील गाडीसाठी असलेल्या 'ब' विभागाच्या १.८०२ टक्के दरानेही ओन डॅमेजचा मूळ हप्ता ३६० रुपये ४० पैसे होतो. जेथे गाडी एकट्याने क्वचितच चालविली जाते, लग्नाला, मंडईला आणि दवाखान्यात मागे कोणी तरी असतेच, तेथे हे ३६० रुपये कशासाठी असतात हे सांगण्याचे काम प्रतिनिधी करीत नाहीत. खेदाने म्हणावे लागते की आपण, म्हणजे शिक्षित गाडीमालकही, ते विचारीत नाही. फार जुन्या गाडीस पॅकेज देण्यास काही कंपन्या नाखूष असतात, हे खरे. परंतु बऱ्याच वेळा तिची मागणीच केली जात नाही.

शेवटी सेकंडहँड गाड्यांविषयी. कलम १५७ नुसार गाडी विकताच त्रयस्थ जोखमीचा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते, परंतु ओन डॅमेजचा भाग आपोआप जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लिट इन्सुलेशन्स खटल्यात १९९६ मध्ये सांगितले. नवीन कुमार खटल्यात (२०१८) नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, असा निर्वाळा दिला गेला. गाडी विकली पण नोंद बदलली नाही, तर दायित्व जुन्या मालकाकडेच राहते. सीमेवरील या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. बालाघाटची गाडी गोंदियात नावावर करावयाची तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर व नवा क्रमांक असे सर्व सोपस्कार लागतात. तोवर फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घेऊन, तारीख कोरी ठेवून गाडी वापरली जाते. एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकाने घेतलेली पहिली मोटारसायकल एम.पी.-५० क्रमांकाची होती. ती वर्षभर तशीच चालविली. कागदोपत्री तिचा मालक बालाघाटचा एक वयस्क गृहस्थ होता आणि त्याच्या नावे असलेली पॉलिसी मुदतीत आहे की नाही, हे त्या वर्षात लेखकाने एकदाही पाहिले नव्हते.